शेअरांचे भाव आणि घरांच्या किंमती

बीड जिल्ह्यांत कापसाला चांगला भाव आला, कीं त्यांतला कांहीं पैसा घराच्या भिंतींत जातो, हें तेथील गवंड्यासही ठाऊक असतें. शेअरांचा पैसाही असाच घरांकडे वळतो. मात्र शेअर न विकतां, नुसता तारण ठेवूनही कर्ज निघतें. धोका येथेंच आहे.

मुंबईनें तो १८६५ सालीं पाहिला. १८६१ पासून अमेरिकेंतील यादवीमुळें लँकेशायरला तिकडचा कापूस मिळेना. हिंदी कापूस महागला, आणि तो पैसा बँकांच्या व समुद्र बुजवून जमीन काढणाऱ्या कंपन्यांच्या शेअरांत शिरला. बॅकबे कंपनीच्या ५,००० रुपयांच्या शेअरास ५०,००० रुपयांच्या घरांत भाव आला! शेअरांवर कर्ज, कर्जानें जमीन, आणि जमीन महागली म्हणून पुन्हां शेअर वर, असें हें चक्र होतें. यादवी संपली, कापूस उतरला, आणि १ जुलै १८६५ रोजीं वायद्यांची मुदत भरतांच डोलारा कोसळला.

शेअर घटकेंत उतरतो, घर तसें उतरत नाहीं. मालक जुनी किंमत धरून बसतो, गिऱ्हाईक थांबतें, व्याज मात्र थांबत नाहीं. म्हणून मंदी आधीं विक्रींत दिसते, किंमतींत मागाहून. आणि ज्यास व्याज झेपत नाहीं, त्याचें घर प्रथम स्वस्तांत जातें.

बीडकर कुटुंबास ही झळ बहुधा पुण्या-मुंबईस नोकरी करणाऱ्या मुलाच्या गृहकर्जाच्या वाटेनें पोंचते. गांवांतल्या घराचा हिशेब अजून पाऊस आणि कापूसच ठरवितात.