धावचीत ठरवताना पंचाने उभे कोठे राहावे?

भातकापणी उरकून शेते सुकली की कर्जत आणि खालापूर तालुक्यांत टेनिस चेंडूच्या क्रिकेटचा हंगाम रंगू लागतो. षटके मोजकी, त्यामुळे एकेक धाव चोरण्याची घाई मोठी आणि धावचीतची अपिलेही तितकीच. शेवटच्या षटकात असा एक निर्णय चुकला तर चषक जातो आणि दोन गावांतला वाद मागे उरतो. दोष पंचाच्या नजरेला दिला जातो. खरी चूक बहुधा त्याच्या पायांची असते.

क्रिकेटच्या नियमावलीतील दुसरा नियम पंचाला जागा आखून देत नाही. ज्या कृतीवर निर्णय द्यायचा ती सर्वांत चांगली दिसेल तेथे त्याने उभे राहावे, एवढेच तो सांगतो. गोलंदाजाच्या टोकाचा पंच यष्ट्यांमागे असतो. तेथून बॅट आणि क्रीज यांतले अंतर कळणे अशक्यच. म्हणून चेंडू टोलावला जाताच त्याने जागा सोडून पॉपिंग क्रीजच्या सरळ रेषेत यावे. तिरक्या नजरेला हवेतली बॅटही रेषेपार गेल्यासारखी भासते. फार जवळ जाऊनही उपयोग नाही. क्रीज यष्ट्यांपासून १.२२ मीटरवर असते आणि दोन्ही एकाच दृष्टिक्षेपात यावी लागतात.

कोणत्या बाजूला जावे? साधारणपणे चेंडू गेला त्याच बाजूला. विरुद्ध बाजूस राहिल्यास यष्ट्या चुकवलेली फेक थेट पंचाच्या अंगावर येते. चेंडू अगदी जवळच थांबला असेल आणि क्षेत्ररक्षकाला अडथळा होणार असेल, तर मात्र दुसरी बाजू पत्करावी.

बेसबॉलमध्ये होम प्लेटजवळचा पंच हातमोजा आणि धावपटू यांच्यामधली फट दिसेल असा कोन शोधतो, कारण तेथे पुष्कळदा स्पर्श पाहायचा असतो. क्रिकेटमध्ये पाहायची ती रेषा. तीही नीट जाणून घ्यावी लागते. क्रीज म्हणजे पांढऱ्या पट्ट्याची यष्ट्यांकडील कड. पट्ट्यावरच टेकलेली बॅट आत आली असे होत नाही. शेतातल्या खेळपट्टीवर फक्की पायांनी पसरते, पट्टा रुंदावतो आणि भांडणाला निमित्त मिळते. डावांच्या मध्यंतरात रेषा पुन्हा आखून घेणे हाच त्यावर उपाय.

सेकंदाला ७ मीटर वेगाने धावणारा फलंदाज सेकंदाच्या पंचविसाव्या भागात २८ सेंटिमीटर पुढे सरकतो. डोळ्याची ही मर्यादा ओळखूनच १९९२ मध्ये दक्षिण आफ्रिका-भारत मालिकेत दूरचित्रवाणीवर पाहून निर्णय देणारा तिसरा पंच आला. दरबान कसोटीत त्याने धावचीत ठरवलेला पहिला फलंदाज होता सचिन तेंडुलकर.

गावच्या मैदानावर ही सोय क्वचितच. तेथे स्क्वेअर लेगला पुष्कळदा फलंदाजी करणाऱ्या संघाचाच खेळाडू पंच म्हणून उभा असतो. तो क्रीजच्या रेषेत उभा आहे की गप्पांच्या नादात चार पावले सरकला आहे, हे मुख्य पंचाने प्रत्येक षटकापूर्वी पाहून घेतलेले बरे.