एकलहऱ्याची राख, नाशिकची गच्ची

नाशिकचे घर तापते ते मुख्यतः वरून. शहर सुमारे 20 अंश उत्तर अक्षांशावर आहे, त्यामुळे मेच्या तिसऱ्या आठवड्यात भर दुपारी सूर्य थेट डोक्यावर येतो आणि काही क्षण उभ्या खांबाची सावलीही पडत नाही. त्या दिवसांत दक्षिणेच्या भिंतीला दुपारचे ऊन जवळजवळ लागत नाही. पूर्व-पश्चिमेच्या भिंतींना ते अर्धा-अर्धा दिवस तिरके लागते. गच्ची मात्र सकाळपासून संध्याकाळपर्यंत उन्हात असते. शहर पठारावर, सुमारे 600 मीटर उंचीवर असल्याने रात्री हवेत गारवा येतो. म्हणून दिवसा उष्णता बाहेर थोपवायची आणि रात्री वारा आत घ्यायचा, हेच इथल्या घराचे काम.

जुन्या नाशकातले वाडे ते करत. हात-दीड हात जाड भिंती, वर तुळया, फळ्या आणि पांढऱ्या मातीचे माळवद. दुपारचे ऊन या मातीतून खाली झिरपेपर्यंत संध्याकाळ होई आणि तोवर चौकातून गार हवा खेळू लागे. पण माळवदावर दरवर्षी माती टाकावी लागते, ती थांबली की पाणी मुरते. पावसाळ्यात वाड्यांची पडझड होते ती त्यातूनच. माळवदाकडे आता कोणी परत जाणार नाही. त्याची जागा घेणारा पाच-सहा इंची काँक्रीटचा स्लॅब मजबूत असतो, पण उष्णतेच्या बाबतीत अगदीच लेचापेचा.

आत-बाहेर एका अंशाचा फरक असताना एका चौरस मीटरमधून किती वॅट उष्णता जाते, यावरून हे मोजतात. उघड्या स्लॅबसाठी हा आकडा साडेतीनच्या आसपास येतो, नऊ इंची विटांच्या भिंतीसाठी दोनच्या आसपास. केंद्राच्या ऊर्जा कार्यक्षमता ब्युरोने 2018 मध्ये आणलेल्या ‘इको-निवास संहिते’त छतासाठी 1.2 ही कमाल मर्यादा आहे. म्हणजे नेहमीचा स्लॅब मर्यादेच्या जवळजवळ तिप्पट उष्णता आत सोडतो.

भिंतीसाठी पर्यावरणस्नेही साहित्य नाशिकला दुरून आणावे लागत नाही. नाशिकरोडजवळच्या एकलहरे औष्णिक वीज केंद्रात 210 मेगावॅटचे तीन संच आहेत आणि भारतीय कोळशात 30 ते 45 टक्के राखच असते. धुरातून पकडलेली बारीक राख बंद टाकीच्या बल्करमधून विटांच्या कारखान्यांत जाते. 14 सप्टेंबर 1999 च्या केंद्रीय अधिसूचनेने वीज केंद्राच्या परिसरातल्या विटांत राख वापरणे बंधनकारक केले. तेव्हा 50 किलोमीटर असलेले हे अंतर 2003 मध्ये 100 आणि 2016 मध्ये 300 किलोमीटर झाले. शेतातला पोयटा आणि भट्टीचे इंधन वाचते, हा या विटेचा खरा लाभ. अर्थात कोळसा जाळल्याशिवाय ही राख मिळत नाही, हेही तितकेच खरे.

कारखान्यात मैद्यासारखी मऊ करडी राख, खडीक्रशरची कच आणि साधारण दहावा हिस्सा सिमेंट एकत्र फिरते. काही ठिकाणी सिमेंटऐवजी चुना आणि जिप्सम घालतात. पाणी किती, हे कामगार मुठीने ठरवतात. मूठ आवळली की गोळा टिकला पाहिजे, पण हाताला पाणी सुटता कामा नये. यंत्राच्या दाबाखालून निघालेली ओली वीट फळीवर एक दिवस तशीच राहते, मग थप्पी लागते आणि दोन-तीन आठवडे पाणी मारले जाते. या काळात राखेतली सिलिका चुन्याशी संयोग पावून घट्ट होते. वाड्यांच्या बांधकामात चुन्यात विटांची सुरखी घालत, त्यामागची क्रियाही हीच. भट्टी नाही, पण पाण्यात कसूर झाली की वीट हातात भुगा होते. घाईचे कारखाने नेमके इथेच वेळ वाचवतात.

भिंतीवर काम करताना गवंड्याला सवय बदलावी लागते. लाल वीट हौदात बुडवून घेतात. राखेची वीट पाणी कमी पिते, तिच्यावर नुसता शिडकावा पुरतो. चिंब वीट मसाल्यावरून सरकते आणि ओळंबा चुकतो. वीट कडेवर उभी ठेवून बांधण्याची रॅट-ट्रॅप पद्धत लॉरी बेकर यांनी केरळात रुजवली. नऊ इंची भिंतीच्या पोटात तीन इंचांची पोकळी राहते, विटा आणि मसाला मिळून पाव हिस्सा वाचतो आणि पोकळीतली हवा उष्णता अडवते. मसाला पोकळीत पडू नये म्हणून थर टाकताना तिच्यावर लाकडी पट्टी धरावी लागते. कोपरे, चौकटीच्या कडा आणि लिंटेलखालचा थर भरीव लागतो. विजेच्या नळ्याही आधीच ठरवाव्या लागतात. उक्त्या कामात एवढा वेळ कोणी देत नाही, म्हणूनच ही भिंत इथे क्वचित दिसते.

त्याऐवजी खपतात एएसी ब्लॉक, ज्यांना बरेच गवंडी अजून सिपोरेक्सच म्हणतात. राख, सिमेंट, चुना आणि थोडी ॲल्युमिनियमची पूड यांचा हा फुगलेला ठोकळा विटेच्या जेमतेम तिसऱ्या हिश्शाएवढा जड असतो. आठ इंची भिंतीचा आकडा 0.8 च्या आसपास येतो. कॉलमच्या सांध्यावर जाळी न लावता गिलावा केला, तर वर्षभरात उभी चीर पडते.

तरीही एकमजली बंगल्यात सगळ्या भिंती ब्लॉकच्या आणि डोक्यावर उघडा स्लॅब, हा खर्च उलटा झाला. गच्चीवर सर्वांत स्वस्त उपाय चुन्याचा: फेव्हिकॉल मिसळून दोन हात मारले की बरेचसे ऊन परत फिरते, पण पावसाने तो झिजतो आणि दरवर्षी पुन्हा मारावा लागतो. कोब्यावर पांढऱ्या चायना मोजॅकचे तुकडे बसवले तर ते अनेक वर्षे टिकतात, फक्त धूळ धुवावी लागते. कोब्याखाली उष्णतारोधक फोमच्या लाद्या घातल्या, तर 1.2 ची मर्यादा सहज गाठता येते. फेब्रुवारी 2024 मध्ये सुरू झालेल्या ‘पीएम सूर्यघर’ योजनेत तीन किलोवॅटच्या सौर संचाला 78,000 रुपयांपर्यंत अनुदान मिळते. ती पॅनेल वीज देतात आणि स्लॅबवर सावलीही धरतात.

छत सांभाळले की पश्चिमेच्या भिंतीला ब्लॉक आणि खिडक्यांना छज्जा, एवढ्यावर बहुतेक घरांचे भागते. ठेकेदाराच्या अंदाजपत्रकात गच्चीच्या उष्णतारोधाची वेगळी नोंद नसेल, तर ती काम सुरू होण्याआधीच मागून घ्यावी. नंतर आठवण झाली तर त्यासाठी नवा कोबा फोडावा लागतो.