पिस्टनची पिन: दाबून बसवलेली की तरंगती?

इंजिन बांधणीवर बोलताना एक समज वारंवार ऐकू येतो: फ्लोटिंग पिन म्हणजे भारी इंजिन आणि प्रेस पिन म्हणजे स्वस्तातलं काम. हे कितपत खरं आहे, ते आज आपण तपासून पाहू.

आधी पिनचं काम समजून घेऊ. पिस्टन आणि कनेक्टिंग रॉड यांना जोडणारी ही पोकळ पोलादी नळी. गॅरेजमध्ये तिला गजन पिन म्हणतात. उदाहरणासाठी शेवरोलेचं स्मॉल-ब्लॉक व्ही-८ घेऊ. १९५५ साली आलेल्या या अमेरिकन इंजिन-घराण्यातलं ३५० घन इंचाचं इंजिन जगभर बांधलं गेलं. त्याचा बोअर ४ इंच, म्हणजे १०१.६ मिलिमीटर. सिलिंडरमधला दाब ६० बार धरला, तर पिस्टनवर जवळजवळ ५ टन भार येतो. तो सगळा जातो या साडेतेवीस मिलिमीटर जाडीच्या पिनमधून. हा भार सोसताना पिन आडवी सरकता कामा नये. सरकली, तर तिचं कडक टोक सिलिंडरच्या भिंतीवर ओरखडे काढतं आणि ब्लॉक पुन्हा बोअर करायची वेळ येते. म्हणजे खरा प्रश्न एवढाच: पिनला जागेवर धरणार कोण?

या शेवरोले इंजिनांत बहुतेक वेळा रॉडच धरतो. रॉडच्या लहान टोकाचं छिद्र पिनपेक्षा अंदाजे ०.०२ ते ०.०४ मिलिमीटरने लहान ठेवतात. मग पिन आत जाते कशी? पोलाद तापवलं की फुगतं. साडेतेवीस मिलिमीटरचं छिद्र २५० अंश सेल्सिअसने तापवलं, तर ते सुमारे ०.०७ मिलिमीटरने मोठं होतं. गार पिन सहज आत सरकते. पण हातात वेळ असतो काही सेकंदांचा! रॉडची उष्णता पिनमध्ये शिरते, पिन फुगते आणि अर्ध्यावर अडकली तर हलत नाही. म्हणून पिन किती आत जावी, ते ठरवणारा थांबा आधीच लावून ठेवावा लागतो. रॉड प्रमाणाबाहेर तापवला, तर पोलादाचं पाणी उतरतं, तो मऊ पडतो. पिस्टनवरची पुढची खूणही आधीच तपासायची, कारण उलटा बसला तर पिन प्रेसवर काढावी लागते आणि त्यात पिस्टन खराब होऊ शकतो.

फ्लोटिंग पिन रॉडमध्येही फिरते आणि पिस्टनमध्येही. मोटरसायकलचा ब्लॉक उतरवलेल्यांनी ती पाहिलेली असते. चारचाकीच्या रॉडमध्ये तिच्यासाठी सहसा ब्राँझचं बुश असतं आणि तिथे तेल पोचण्याची वाट ठेवलेली असते. झीज दोन जागी वाटली जाते. पिस्टन बदलायचा झाला, तर सर्क्लिप काढून पिन हाताने ढकलता येते. जड डिझेल इंजिनांत आणि रेसिंगमध्ये हीच पद्धत दिसते, ती याचसाठी.

पण इथे पिनला आडवं धरतात त्या दोन बारीक सर्क्लिप. ६,००० आरपीएमला पिस्टन सेकंदाला १०० वेळा वर-खाली होतो. सर्क्लिप खाचेत पूर्ण बसली नसेल, तर निसटते. त्यामुळे काढलेली सर्क्लिप पुन्हा वापरायची नाही. तिचं तोंड वर किंवा खाली ठेवायचं, बाजूला नाही; बाजूला ठेवलं, तर पिस्टनच्या झटक्यांनी ती दबून खाचेतून सुटू शकते. पत्र्यातून कापलेली सर्क्लिप असेल, तर तिची धारदार कड पिनकडे नको, बाहेरच्या बाजूला हवी. बसवल्यावर ती खाचेत फिरवून बघायची.

आता निवड. दोन्ही पद्धती नीट केल्या तर टिकतात. प्रेस पिनमध्ये जोखीम बसवण्याच्या त्या काही सेकंदांत असते. एकदा नीट बसली की निसटायला सर्क्लिपच नाही. फ्लोटिंगमध्ये जोखीम सर्क्लिपमध्ये असते, आणि ती प्रत्येक वेळी इंजिन उघडून बंद करताना नव्याने येते. रोजच्या वापराचं, वर्षानुवर्षं न उघडायचं इंजिन असेल, तर प्रेस पिन पुरेशी आहे. वारंवार उघडायचं असेल किंवा भार जबर असेल, तर फ्लोटिंगचा जादा खर्च वसूल होतो.

जाता जाता एक गोष्ट. सर्क्लिपची खाच असलेला पिस्टन प्रेस रॉडवर चालू शकतो, पिनचं माप जुळलं की झालं. सर्क्लिप लावायच्या नाहीत. उलट मात्र जमत नाही. पिस्टनला खाच नसेल, तर पिन अडवायला काहीच उरत नाही. आणि प्रेस रॉड फ्लोटिंग करायचा, तर नुसतं छिद्र मोठं करून भागत नाही. बुश, तेलाची वाट आणि नेमकी फट यांचा विचार करावा लागतो. तेव्हा पिस्टन विकत घेण्याआधी रॉड हातात घेऊन बघा.