सातबाऱ्यावर कारभारणीचे नाव



उजनीचे धरण १९८० साली पुरे झाले. भीमेचे पाणी अडले आणि करमाळा, माढा, इंदापूर भागातली गावेच्या गावे उठली. केत्तूर, वांगी नव्या जागी बसली तेव्हा त्यांना नंबर पडले. वांगी नंबर एक, नंबर दोन, तीन, चार! पुढे याच काठावर मोटारी बसल्या, पाईपलाईनी पडल्या, उसाचे फड उभे राहिले. या साऱ्यात एक गोष्ट फारशी कुणी बोलत नाही, ती आम्ही मांडतो.

जमीन बुडाली तेव्हा मोबदला मिळाला तो खातेदाराला. खातेदार म्हणजे सातबाऱ्यावर नाव असलेला माणूस, आणि तो बहुतेक घरी पुरुषच. बाईची चूल उठली, पाणवठा गेला, परडे गेले. पण कागदावर ती नव्हती, म्हणून सरकारी हिशेबातही आली नाही. सरकारने हे मुद्दाम केले असे आमचे म्हणणे नाही. सरकारला दिसते ते दप्तरातूनच.

नंतर काही कायदे झाले. शेतकरी संघटनेच्या शरद जोशींनी लक्ष्मी मुक्तीची हाक दिली आणि बायकांच्या नावे जमीन करायला लावली. १९९२ साली शासनानेही परिपत्रक काढले, की नवऱ्याने अर्ज केला तर बायकोचे नाव सहहिस्सेदार म्हणून सातबाऱ्याला लावावे. १९९४ साली राज्याचे महिला धोरण आले, देशातले पहिले. त्याच साली वडिलोपार्जित जमिनीत मुलीला मुलाबरोबर हक्क मिळाला. देशभर तो २००५ साली झाला. आणि आपल्याकडे काय चालते? बहिणीला साडीचोळी करायची नि हक्कसोडपत्रावर सही घ्यायची. कायदा मुंबई-दिल्लीला होतो, तो मोडतो मात्र आपल्याच ओसरीवर.

आता आपल्या उसाचे पाहू. लागण, खुरपणी, खत टाकणे यात बायांचा हात किती, हे सभासदांना आम्ही काय सांगावे? पण ऊस नोंद मालकाच्या नावाने, बिल मालकाच्या खात्यावर. ऊस उत्पादक सभासद व्हायचे तर नावावर जमीन लागते. जमीन नाही म्हणून शेअर नाही, शेअर नाही म्हणून मत नाही. सहकार कायद्याने संचालक मंडळात महिलांच्या दोन जागा राखून ठेवल्या आहेत, पण त्या भरायला आधी सभासद बाई पाहिजे. मग निवडणूक जवळ आली की पुष्कळांना बायकोच्या नावचा शेअर आठवतो!

फडातल्या तोडणीवालीचे तर याहून वाईट. कोयता म्हणजे नवरा-बायको दोघे, पण उचल नवऱ्याच्या नावाने आणि हिशेब मुकादम त्याच्याशीच करतो. २०१९ साली बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड बायांच्या पिशवी काढण्याचा प्रश्न विधिमंडळात गाजला. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती बसली. ८२ हजारांवर बायांची पाहणी झाली, तेव्हा १३ हजारांवर बायांची पिशवी काढलेली निघाली. मोजल्या तेव्हा कुठे त्या दिसल्या. त्याआधी किती हंगाम गेले असतील!

काही सभासद म्हणतील, "नाव लावलं आणि उद्या घरात काही वाकडं झालं तर?" आम्ही उलटे विचारतो. खातेदार अचानक गेला तर काय होते? बाईला वारस नोंदीसाठी तलाठ्याकडे, मग तहसील कचेरीत, मग सोसायटीत हेलपाटे घालावे लागतात. दीर-पुतण्यांच्या तोंडाकडे पाहावे लागते. तोवर ऊस फडात उभा, कर्जाचे व्याज चालू, बिल अडकलेले. नवरा हयात असतानाच नाव लागले असेल तर तिच्या पायाखाली निदान तिची जमीन असते. आपल्या लेकीच्या सासरी असे झालेले आपल्याला चालेल का?

तेव्हा अर्ज आताच करावा. सातबाऱ्यावर नाव लागले की उतारा घेऊन शेअर विभागात यावे आणि कारभारणीच्या नावे सभासदत्वाची मागणी करावी. पुढची ऊस नोंद तिच्या वाट्याच्या क्षेत्रापुरती तिच्याच नावाने द्यावी आणि बिलासाठी तिचे बँक खाते कळवावे. सर्वसाधारण सभेची नोटीस मग तिच्या नावाने येईल. सभेला मात्र तिनेच यावे. मालकांनी तिची सही ठोकून परस्पर चहा पिऊन जाऊ नये.