निकालापूर्वीचा निकाल

मुकुंदवाडीतील एखादे कामगार कुटुंब घटकाभर डोळ्यांसमोर आणावे. पतिपत्नींचे बिनसते, पत्नी मुलीला घेऊन माहेरी जाते आणि कुटुंब न्यायालयात मुलीच्या ताब्याचा दावा उभा राहतो. इथवर सारे नित्याचे. मात्र एखाद्या रविवारी वडिलांना भेटून आलेली मुलगी काही विपरीत सांगते, निदान तशी फिर्याद पोलीस ठाण्यात नोंदली जाते, आणि दाव्याचे स्वरूपच पालटते. वडिलांनी अपराध केला काय, हे २०१२ च्या पोक्सो कायद्याखालील विशेष न्यायालय पाहणार. मुलीचे कल्याण कशात आहे, हे कुटुंब न्यायालय. दोन्हीकडे पुराव्याची कसोटी वेगळी, तारखा वेगळ्या. मुलगी मात्र एकच.

अशा वेळी समाजात तत्काळ दोन तट पडतात. ताबा मिळवण्यासाठी बायका कोणत्याही थराला जातात, असे एक तट म्हणतो. मद्रास उच्च न्यायालयाने २०१९ मध्ये अशाच एका प्रकरणात वडिलांवरील गुन्हा रद्द करून आईवर कारवाईचा आदेश दिला होता, हे खरे. परंतु केंद्र शासनाने २००७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या तेरा राज्यांतील पाहणीत निम्म्याहून अधिक मुलांनी कोणत्या ना कोणत्या स्वरूपाचा लैंगिक छळ झाल्याचे सांगितले होते, हेही विसरून चालणार नाही. शिवाय संसार मोडल्यावरच मूल बोलू लागले, एवढ्यावरून ते शिकवलेले बोलते असे कसे म्हणावे? ज्याची धास्ती, तो घरात असेतो मूल तोंड उघडीत नाही. फिर्यादीची वेळ संशयास्पद ठरवली, की खरोखरच पोळलेली आई ‘आपल्यालाच कारस्थानी म्हणतील’ या भयाने गप्प बसते.

अर्थशास्त्र शिकवणाऱ्या प्रस्तुत लेखकाला येथे खटकतो तो कालावधीचा प्रश्न. आरोप होताच न्यायाधीश भेटी थांबवतात. चूक झालीच तर कोणती चूक अधिक महाग पडेल, याचा तो हिशेब आहे, आणि तो रास्त आहे. मात्र खटला शक्यतो एका वर्षात संपवावा, असे पोक्सोचे पस्तिसावे कलम सांगत असता प्रत्यक्षात तो रेंगाळत राहतो. पाच वर्षांची मुलगी आठ-नऊ वर्षांची होते, आणि तात्पुरता म्हणून दिलेला आदेश हाच अंतिम निकाल होऊन बसतो. वडील निर्दोष सुटले तरी तिच्या लेखी परके झालेले असतात. उलट, केवळ संशयाचा फायदा मिळून सुटका झाली, तर आरोप खोटा होता असे त्यातून मुळीच सिद्ध होत नाही. बाविसाव्या कलमाखालील शिक्षा दुष्ट हेतूने केलेल्या खोट्या तक्रारीसाठी आहे, पुरावा अपुरा पडलेल्या फिर्यादीसाठी नव्हे. (शिक्षकवाचकांनी ध्यानी ठेवावे : असा प्रकार कळूनही न कळवणे, हाच या कायद्याने गुन्हा आहे.)

म्हणून फौजदारी निकालाची वाट पाहत कुटुंब न्यायालयाने हात बांधून बसू नये. १९५६ च्या हिंदू अज्ञानत्व व पालकत्व कायद्याचे तेरावे कलम अज्ञानाचे कल्याण सर्वोपरी मानते. ते कल्याण फौजदारी न्यायालयाच्या तारखांवर अवलंबून ठेवता येत नाही. मुलीचे म्हणणे जाणत्या समुपदेशकाने आरंभीच, शांतपणे नोंदवावे. पोलीस, डॉक्टर, दंडाधिकारी, वकील यांच्यापुढे तीच कथा पुनःपुन्हा वदवून घेणे हाही छळच. धोका दिसत नसेल तेथे भेटी समूळ तोडण्याऐवजी न्यायालयाच्या आवारात, देखरेखीखाली चालू ठेवाव्यात, आणि दर तीन महिन्यांनी आदेशाचा फेरविचार व्हावा. यासाठी न्यायाधीश व समुपदेशक पुरेसे हवेत, म्हणजे पैसा हवा. आज तो खर्च वाचतो असे वाटते खरे. पण प्रत्येक तारखेला चिकलठाण्याच्या कारखान्यात वडिलांचा खाडा पडतो, आईची रोजी बुडते, आणि मुलीची शाळाही.