परदेशातील बाळंतपण आणि अपत्याचे नागरिकत्व : जपानच्या संदर्भात एक विवेचन

प्रस्तावना

पहिले बाळंतपण माहेरी करण्याची आपल्याकडील रूढी सर्वपरिचित आहे. सातव्या महिन्यात डोहाळजेवण, नंतर माहेरी पाठवणी, बाराव्या दिवशी बारसे आणि पुढे सव्वा महिना शेक-शेगडी असा हा क्रम होय. या क्रमात प्रसूती ही कुटुंबाची, त्यातही घरातील ज्येष्ठ स्त्रियांची बाब मानली गेली आहे. शासनाचा संबंध येतो तो ग्रामपंचायतीच्या किंवा नगरपालिकेच्या जन्मनोंदीपुरता आणि तेही काम पुष्कळदा रुग्णालयच परस्पर उरकून टाकते. परदेशात परकीय म्हणून राहणाऱ्या दांपत्याच्या बाबतीत हे चित्र उलटे होते. तेथे आजी, मावशी, आत्या जवळ नसतात. त्यांच्या जागी नगरपालिका, विमा कार्यालय, आप्रवासन कार्यालय आणि आपली वकिलात येते.

उच्च शिक्षण व संशोधन यांच्या निमित्ताने परदेशी जाणाऱ्या तरुण प्राध्यापकांची व त्यांच्या जोडीदारांची संख्या आता लक्षणीय आहे. विवाह, संशोधनवृत्ती आणि अपत्यजन्म या तिन्ही गोष्टी आयुष्याच्या एकाच टप्प्यावर येत असल्याने हा विषय आपल्या वर्गाला दूरचा नाही. प्रस्तुत लेखिका पतीच्या संशोधनवृत्तीमुळे २०१६ ते २०१८ या काळात जपानमधील त्सुकुबा येथे वास्तव्यास होती आणि २०१७ मध्ये तिच्या कन्येचा जन्म तेथे झाला. (येथून पुढे प्रथमपुरुषी लिहिणे सोयीचे.) भारतीय आईबापांचे मूल जगात कोठेही जन्मले तरी ते आपोआप भारतीयच होते, अशी समजूत सुशिक्षितांमध्येही आढळते. माझीही होती. ३ डिसेंबर २००४ पासून ती कायद्याच्या दृष्टीने खरी राहिलेली नाही. या बदलाचा भार प्रत्यक्षात कोणत्या अपत्यांवर पडतो, हे स्पष्ट करणे हा प्रस्तुत लेखाचा उद्देश आहे.

जपानमधील मातृत्वाची व्यवस्था

जपानमध्ये गर्भधारणा निश्चित झाली की प्रथम नगरपालिकेत जाऊन तिची नोंद करावयाची असते. ती करताच एक पुस्तिका हाती मिळते, तिला 'बोशी केन्को तेचो' म्हणजे माता-बाल आरोग्य पुस्तिका म्हणतात. हिचा इतिहास मनोरंजक आहे. १९४२ मध्ये, ऐन महायुद्धात, गर्भवती स्त्रियांसाठी अशी पुस्तिका प्रथम सुरू झाली. १९४८ मध्ये तिच्यात बालकाचाही समावेश झाला आणि १९६० च्या दशकात तिला आजचे नाव मिळाले. गरोदरपणातील प्रत्येक तपासणी, प्रसूतीची हकिकत, बाळाचे वजन, लसी या सर्वांची नोंद एकाच पुस्तिकेत आणि ती आईच्या ताब्यात, ही तिची विशेषता. पुस्तिकेसोबत तपासण्यांचा खर्च भागविणारी कुपने मिळतात. ही सर्व व्यवस्था परकीय स्त्रीलाही लागू असते, इंग्रजीसह अन्य भाषांतील आवृत्त्याही निघालेल्या आहेत.

परकीयांना हे नेहमीच मिळत होते असे मात्र नाही. जपानच्या राष्ट्रीय आरोग्य विम्यातील नागरिकत्वाची अट १९८६ मध्ये दूर झाली. नैसर्गिक प्रसूती हा आजार नव्हे, या भूमिकेतून तिचा खर्च विमा उचलत नसे. त्याऐवजी विमाधारक कुटुंबाला एकरकमी प्रसूती अनुदान मिळे. आमच्या वेळी ते ४,२०,००० येन होते, एप्रिल २०२३ पासून ते ५,००,००० येन करण्यात आले. शस्त्रक्रियेने प्रसूती झाल्यास मात्र तो उपचार ठरतो व त्याला विमा लागू होतो. रुग्णालयाचा हिशेब अनुदानातून परस्पर वळता होत असल्याने आम्हांला केवळ वरची रक्कम भरावी लागली. मोठ्या खर्चाची धास्ती घेऊन गेलेल्या आम्हां उभयतांना हा सुखद धक्का होता, हे नमूद केले पाहिजे.

जपानी स्त्रियाही बाळंतपणासाठी माहेरी जातात, हे मला तेथे गेल्यावरच समजले. या प्रथेला 'सातोगाएरी शुस्सान' असे म्हणतात. 'सातोगाएरी' म्हणजे माहेरी परतणे. पाचव्या महिन्यात पोटाला पट्टा बांधण्याचा विधी असतो आणि बाळाची वाळलेली नाळ छोट्या लाकडी पेटीत जपून ठेवतात. अशा समाजात माहेरी न जाऊ शकलेल्या परकीय स्त्रीविषयी परिचारिकांना सहानुभूती वाटते आणि ती आहाराबाबतही दिसून येते. रुग्णालयाच्या जेवणात भात व सूप उत्तम; परंतु सूप माशाच्या अर्काचे असल्याने शाकाहारी बाळंतिणीची पंचाईत होते. माझ्या आईने नेलेले डिंकाचे लाडू आणि अळीव तेथे उपयोगी पडले. आईचा व्हिसा ९० दिवसांचा होता. प्रसूतीची तारीख कोणालाच निश्चित सांगता येत नाही, पण व्हिसाची मुदत निश्चित असते. तेव्हा तिने कधी यावे याचा हिशेब आम्ही कितीतरी संध्याकाळी मांडला होता.

चौदा, तीस आणि साठ दिवस

मूल जन्मताच कालमर्यादांची मालिका सुरू होते. जन्माचा दिवस धरून चौदा दिवसांच्या आत नगरपालिकेत जन्माची सूचना द्यावी लागते. तिच्या छापील नमुन्याचा उजवा भाग डॉक्टर किंवा सुईण प्रमाणित करते, डावा भाग आईवडिलांनी भरावयाचा असतो. त्यात बाळाचे नाव लिहावे लागते. आपले बारसे बाराव्या दिवशी. म्हणजे परंपरा पाळावयाची तर हाती दोन दिवस उरतात. आम्ही बारसे केले, परंतु नाव आधीच ठरवून ठेवले होते.

नाव ठरविणे एक आणि ते लिहिणे दुसरे. जपानी नमुन्यात आडनाव व नाव असे दोनच रकाने असतात, मराठी नाव तीन पदांचे. वडिलांचे नाव मधे घालावे की गाळावे? शिवाय जपानी लिपीत र, ल आणि ळ यांत भेद करता येत नाही, त्यामुळे मुलीच्या नावातील ळ चा र झाला. रोमन अक्षरांत सोबत लिहिलेले नावच पुढे सर्वत्र ग्राह्य धरले जाते. तेथे एका अक्षराचा फरक पडला तर नगरपालिकेचा दाखला, वकिलातीची नोंद आणि पारपत्र यांची सांगड बसत नाही. पती तो नमुना भरत असताना मी रुग्णालयातून मिळालेल्या कागदावरील अक्षरे तीनदा ताडून पाहिली होती.

दुसरी मर्यादा वास्तव्याची. परकीय दांपत्याचे मूल जपानमध्ये जन्मल्यास त्याला साठ दिवस परवान्याविना राहता येते. त्याहून अधिक राहावयाचे असेल तर जन्मापासून तीस दिवसांच्या आत आप्रवासन कार्यालयाकडे अर्ज करावा लागतो. बाळाचे पारपत्र तयार नसले तरी कारण नमूद करून अर्ज करता येतो. आमचे बाळ सव्वीस दिवसांचे असताना पती मितो येथील कार्यालयात जाऊन आले. आपल्या रीतीप्रमाणे बाळंतीण सव्वा महिना उंबऱ्याबाहेर पडत नाही. या काळातच निम्म्या मुदती संपतात. आणि ज्या स्त्रीबरोबर धावपळ करणारे कोणी नाही तिने काय करावे, याचा विचार कोणत्याच देशाच्या कायद्याने केलेला दिसत नाही.

कन्येचे निवासपत्र मिळाले तेव्हा त्यावर राष्ट्रीयत्वाच्या जागी 'भारत' असे छापलेले होते. जपानी अधिकाऱ्याने आईवडिलांच्या पारपत्रांवरून तसे गृहीत धरले होते. गंमत अशी, की भारतीय कायद्यानुसार त्या दिवशी ती अद्याप भारतीय ठरलेली नव्हती.

वंशाधारे नागरिकत्व : भारतीय तरतूद

नागरिकत्व मुख्यतः दोन तत्त्वांवर दिले जाते, भूमीच्या आणि वंशाच्या. अमेरिकेने १८६८ च्या चौदाव्या घटनादुरुस्तीने भूमितत्त्व स्वीकारले. तात्पुरत्या व्हिसावर राहणाऱ्यांच्या अपत्यांना ते नाकारण्याचा प्रयत्न २० जानेवारी २०२५ च्या अध्यक्षीय आदेशाने झाला, तेव्हा न्यायालयांनी त्याची अंमलबजावणी रोखली होती. ब्रिटनने १ जानेवारी १९८३ पासून, तर ऑस्ट्रेलियाने २० ऑगस्ट १९८६ पासून हे तत्त्व मर्यादित केले. भारतही याच वाटेने गेला आहे. १ जुलै १९८७ पूर्वी भारतात जन्मलेले मूल, राजनैतिक अधिकाऱ्यांच्या अपत्यांसारखे अपवाद सोडता, भारतीय होई. त्यानंतर आईवडिलांच्या नागरिकत्वाच्या अटी आल्या.

जपानचा १९५० चा राष्ट्रीयत्व कायदा वंशतत्त्वावर आधारलेला आहे. १९८५ पर्यंत तेथे केवळ पित्याचे राष्ट्रीयत्व अपत्याला मिळे. आईकडूनही ते मिळण्याची सोय १ जानेवारी १९८५ पासून झाली. आपण याबाबत पुढारलेले होतो असे समजण्याचे कारण नाही. परदेशात जन्मलेल्या मुलाला भारतीय आईकडून नागरिकत्व मिळू लागले ते १० डिसेंबर १९९२ पासून. त्याच्या दुसऱ्याच दिवशी भारताने बालहक्क संहिता स्वीकारली, जिच्या सातव्या अनुच्छेदात बालकाचा नाव व राष्ट्रीयत्व मिळण्याचा हक्क नमूद आहे.

नागरिकत्व अधिनियम १९५५ च्या चौथ्या कलमात २००३ च्या दुरुस्तीने भर पडली व ती ३ डिसेंबर २००४ रोजी अमलात आली. तिच्यानुसार परदेशात जन्मलेले मूल, आई वा वडील भारतीय असले तरी, त्याच्या जन्माची नोंद एका वर्षाच्या आत भारतीय वकिलातीत झाल्याशिवाय भारताचे नागरिक होत नाही. वर्ष उलटल्यास केंद्र सरकारची परवानगी लागते. शिवाय मुलाकडे अन्य देशाचे पारपत्र नाही, असे आईवडिलांनी घोषित करावे लागते. म्हणजे येथे नोंदणी ही असलेल्या हक्काची पावती नाही. ती हक्काचीच अट आहे, आणि हा भेद अध्यापनातही अनेकदा निसटतो.

अट कोणावर पडते?

वरवर पाहता ही अट सर्वांना सारखी आहे. प्रत्यक्षात तसे नाही. अमेरिकेत जन्मलेल्या मुलाचे आईवडील सामान्यतः त्याचे अमेरिकन पारपत्र काढतात आणि पुढे त्याच्यासाठी २००५ मध्ये सुरू झालेल्या 'ओसीआय' योजनेचा लाभ घेतात. त्यांना चौथ्या कलमाकडे वळण्याची गरजच पडत नाही. या कलमावर अवलंबून असते ते जपान किंवा आखाती देश यांसारख्या ठिकाणी जन्मलेले मूल, ज्याला तो देश जन्माच्या आधारे स्वतःचे नागरिकत्व देत नाही. म्हणजे ज्याला दुसरा देश उपलब्ध आहे त्याला ही अट बाधत नाही आणि ज्याला केवळ भारतच उपलब्ध आहे त्याच्यावर तिचा पूर्ण भार पडतो.

अशा मुलाची नोंद झालीच नाही तर? जपानी कायद्यात आईवडील दोघेही अज्ञात वा राष्ट्रहीन असल्यास जपानमध्ये जन्मलेल्या मुलाला जपानी राष्ट्रीयत्व मिळते. परंतु येथे आईवडील ज्ञात आहेत आणि भारतीयही आहेत; म्हणून ही तरतूद लागू होत नाही. जन्मतः राष्ट्रहीन असलेल्या व्यक्तीला तेथे तीन वर्षांच्या वास्तव्यानंतर सुलभ अटींवर नागरिकत्व मागता येते, पण ते देणे न देणे न्यायमंत्र्यांच्या अधिकारातील आहे. राष्ट्रहीनता कमी करण्यासाठीच्या १९६१ च्या आंतरराष्ट्रीय करारात भारत व जपान हे दोन्ही देश सामील झालेले नाहीत. दोन कायद्यांच्या मधल्या या फटीत मूल अडकू शकते.

संशोधक वा अभियंत्यांच्या कुटुंबांत असे सहसा घडत नाही, हेही सांगितले पाहिजे. सुट्टीत घरी यावयाचे तर बाळाला पारपत्र लागते, पारपत्रासाठी वकिलातीत जावे लागते आणि तेथे जन्मनोंद आपोआप पुढे येते. आम्हीही कायदा जाणून नोंद केली नव्हती. दिवाळीला गावी यावयाचे होते म्हणून पती आणि मी बाळाला घेऊन, त्सुकुबाहून टोकियोला, वकिलातीत गेलो. तेथे अर्जातील घोषणापत्र वाचताना ही अट प्रथम कळली. राज्यशास्त्रात एम.फिल. केलेल्या व्यक्तीने हे कबूल करणे फारसे भूषणावह नाही. मुदत चुकण्याचा खरा धोका आहे तो ज्यांची स्वतःचीच कागदपत्रे लंगडी आहेत त्यांना : व्हिसा संपलेले कामगार, पारपत्र मालकाच्या ताब्यात असलेली घरकामगार स्त्री, पतीने टाकलेली आई. घराच्या उंबऱ्याबाहेर पडणेच जिला कठीण, तिच्यासाठी एक वर्ष ही मुदत दीर्घ नाही.

परतल्यानंतर

जन्म-मृत्यू नोंदणी अधिनियम १९६९ च्या विसाव्या कलमानुसार भारतीय नागरिकांच्या परदेशातील जन्मांची वकिलातीत झालेली नोंद या कायद्याखालील नोंद मानली जाते. तेथे नोंद न करता कुटुंब भारतात स्थायिक होण्यासाठी परतले असेल, तर आगमनापासून साठ दिवसांत येथेही नोंद करता येते. यामुळे जन्माचा दाखला मिळतो. नागरिकत्व अधिनियमातील एका वर्षाची अट मात्र या कलमाने शिथिल होत नाही. दोन्ही नोंदींत गल्लत होऊ नये.

कायद्यात वकिलातीचा दाखला पूर्ण वैध असला तरी व्यवहारात त्याची ओळख कमी आहे. कन्येच्या शाळाप्रवेशाच्या वेळी तेथील लिपिकांनी तो उलटसुलट करून पाहिला आणि "मॅडम, महापालिकेचा दाखला नाही का?" असे विचारले. त्यांचा दोष नव्हता, असा कागद त्यांच्यासमोर प्रथमच आला होता. मुख्याध्यापिकांशी बोलल्यावर दाखला व पारपत्राची छायाप्रत घेऊन प्रवेश झाला. अर्जात जन्मस्थळाखाली गाव, तालुका, जिल्हा असे तीन रकाने होते. गाव म्हणून त्सुकुबा आणि जिल्हा म्हणून इबाराकी लिहिले. तालुक्याच्या रकान्यात लिपिकांनी आपल्या हाताने एक आडवी रेघ मारली.