मोटारीच्या विजेवरील आसनातील बिघाड कसा शोधावा?

बटण दाबताच चालकाचे आसन पुढे-मागे, वर-खाली सरकते ही गोष्ट एके काळी आपल्याकडे बड्या लोकांच्या परदेशी गाड्यांतच पाहावयास मिळे. आता तसे राहिलेले नाही. इनोव्हा क्रिस्टा, क्रेटा यांसारख्या गाड्यांच्या वरच्या प्रकारांत असे आसन कारखान्यातूनच बसवून आलेले आहे, आणि जुन्या बाजारात घेतलेल्या मोठ्या गाड्यांतही ते भेटते.

आपल्या सभासदांपैकी कित्येकजण दुसऱ्याच्या गाडीवर चालक म्हणून नोकरी करतात. आसन मध्येच अडकले की मालकाचा पहिला प्रश्न त्यांनाच असतो, "काय केलेस रे?" गाडी वर्कशॉपमध्ये नेली की बहुधा एकच उत्तर मिळते, मोटर गेली, संपूर्ण सीट बदला. हा खर्च किरकोळ नसतो, आणि कधीकधी तो पगारातून वळता करण्याची भाषाही होते. अशा वेळी बिघाड खरोखर कोठे आहे हे दाखवून देता आले तर चालकाची बाजू उभी राहते. आय.टी.आय.मध्ये मोटार मेकॅनिक किंवा इलेक्ट्रिशियनचा ट्रेड घेतलेल्या विद्यार्थ्यांना तर हा विषय पोटापाण्याचाच आहे. म्हणून प्रस्तुत लेखात आम्ही या आसनाची रचना आणि तपासणीची रीत थोडी विस्ताराने सांगत आहोत.

जाहिरातीत "आठ दिशांना सरकणारे आसन" असे लिहिलेले असते. आठ दिशा म्हणजे आठ मोटरी नव्हेत. एक मोटर आसन पुढे-मागे नेते, दुसरी बैठकीचा पुढचा भाग उचलते, तिसरी मागचा भाग उचलते आणि चौथी पाठ कलती करते. चार मोटरी, प्रत्येकीच्या दोन दिशा, अशा आठ. प्रत्येक मोटरला फिरण्यापुरत्या दोनच जाड तारा असतात. एका तारेला बॅटरीचे धन आणि दुसरीला ऋण मिळाले की मोटर एका दिशेने फिरते. हीच जोडणी उलट केली की उलट फिरते.

ही अदलाबदल करण्याचे काम स्विचचे. पुष्कळ गाड्यांत, विशेषतः मेमरी नसलेल्या आसनांत, स्विच मोकळा असताना मोटरच्या दोन्ही तारा अर्थला जोडलेल्या असतात. बटण दाबले की त्यांपैकी एक तार अर्थपासून सुटून बॅटरीच्या १२ व्होल्टला लागते, दुसरी जागच्या जागी अर्थवरच राहते. एवढी गोष्ट नीट ध्यानात धरली तर निम्मा बिघाड हातात पाना न घेता सापडतो. तो कसा ते पाहू.

आसन पुढे जाते पण मागे येत नाही, असे समजा. तर मोटर जळलेली नाही! पुढे नेणारी आणि मागे आणणारी मोटर एकच, तिच्या ताराही त्याच. आसन रुळाच्या टोकाला टेकलेले नाही किंवा मागे काही अडकलेले नाही एवढे पाहून घेतले, की साध्या आसनात संशय स्विचच्या आतील टोकांवर येतो. याउलट चारही मोटरी एकदम बंद पडल्या, तर चारही एकाच दिवशी जळल्या असे मानणे शहाणपणाचे नाही. चौघींना सामायिक असलेली वस्तू शोधावी. ती म्हणजे फ्यूज, आसनाखालचा मुख्य कपलर, किंवा अर्थची तार. आणि चारांपैकी एकच मोटर दोन्ही दिशांना मृत असेल, तरच त्या मोटरकडे, तिच्या दोन तारांकडे आणि स्विचच्या तेवढ्याच भागाकडे वळावे.

यानंतर कानाचा आणि डोळ्याचा उपयोग करावा. बटण दाबल्यावर मोटर फिरल्याचा आवाज येतो पण आसन हलत नाही, तर विजेचा प्रश्नच नाही. आतील प्लॅस्टिकचे दातेरी चक्र किंवा आटे झिजलेले असतात. आवाजच येत नसेल तर इंजिन बंद ठेवून छताचा दिवा लावावा आणि बटण दाबावे. दिवा किंचित मंदावला तर वीज मोटरपर्यंत पोहोचत आहे, मोटर मात्र फिरू शकत नाही; रुळात नाणे, पेनचे टोपण, मुलांचे खेळणे अडकले आहे का ते पाहावे. दिवा जराही मंदावला नाही तर वाट मध्येच कोठेतरी तुटलेली आहे. जुन्या कारागिरांची ही युक्ती आम्हांला आजही फार मोलाची वाटते. मात्र नव्या गाड्यांत छताला एलईडी दिवा असतो, त्यात हा फरक नीट कळत नाही.

आसन थोडे चालून बंद पडते आणि दहा-पंधरा मिनिटांनी पुन्हा चालू लागते, अशीही तक्रार येते. पुष्कळ ठिकाणी मोटरमध्ये किंवा तिच्या वाटेवर उष्णतेने उघडणारा व थंड झाल्यावर आपोआप जुळणारा संरक्षक असतो. तो उघडतो याचा अर्थ मोटरला जास्त जोर लावावा लागत आहे. रूळ साफ करून ग्रीस लावावे, तेवढ्यानेही काम भागते.

फ्यूजबद्दल एक गोष्ट बजावून सांगितली पाहिजे. आसनाचा फ्यूज पुष्कळ गाड्यांत ३० अँपियरच्या आसपास असतो. तो पुन्हा पुन्हा उडतो म्हणून त्या जागी तार गुंडाळणारे लोक आहेत. फ्यूज उडतो तो कोठेतरी तार घासून पत्र्याला लागली म्हणून, किंवा मोटर अडकली म्हणून. तार गुंडाळल्यावर वितळायला उरते ती गालिच्याखालची वायरिंग, आणि तिच्या वर माणूस बसलेला असतो.

आसनाखाली हात घालण्यापूर्वी दुसरा धोकाही ओळखावा. आजच्या पुष्कळ गाड्यांत आसनाच्या बाजूला एअरबॅग असते, आणि बेल्ट आवळून धरणारे उपकरणही तेथेच असू शकते. यांच्या तारा व कपलर बहुधा पिवळ्या रंगाचे असतात. पिवळ्या कपलरला मीटर किंवा टेस्ट लॅम्प कधीही लावू नये. मीटरच्या लहानशा प्रवाहानेही एअरबॅग फुटण्याचा धोका असतो. कपलर सोडवायचे असतील तर चावी बंद करून बॅटरीची ऋण तार काढावी आणि त्या गाडीच्या पुस्तिकेत जितकी मिनिटे सांगितली असतील तितकी थांबावे. आसनाचे कपलर सुटलेले असताना चावी चालू केली तर एअरबॅगचा इशारादिवा लागतो, आणि तो यंत्र लावून घालवावा लागतो.

आता मुख्य मुद्दा. येथे शिकलेली मुलेही फसतात. विद्यार्थी मोटरचा कपलर काढतो, बटण दाबून मीटर लावतो, मीटर १२ व्होल्ट दाखवतो. तो म्हणतो, वीज येते, म्हणजे मोटरच खराब. नवी मोटर बसवली जाते आणि तीही फिरत नाही.

असे का होते? चाळीतल्या नळाचा दाखला घ्या. पाइप आतून गंजून चोंदला असला तरी नळ बंद असताना आत दाब पुरेपूर भरतो. नळ उघडला की मात्र करंगळीएवढी धार पडते. वायरिंगचेही तसेच आहे. समजा, कपलरमध्ये पावसाळ्याच्या ओलीने हिरवट थर चढला आणि तेथे १ ओहमचा रोध निर्माण झाला. चांगल्या डिजिटल मीटरचा स्वतःचा रोध साधारण १ कोटी ओहम असतो. त्यातून वाहणारा प्रवाह अँपियरच्या दहा लाखाव्या भागाच्या आसपास, म्हणून त्या १ ओहमवर काहीच खर्च होत नाही आणि मीटर पूर्ण १२ दाखवतो. मोटर जोडून तिने ६ अँपियर ओढले की त्याच १ ओहमवर ६ व्होल्ट खर्ची पडतात. मोटरच्या वाट्याला उरतात सहा. ओहम यांनी १८२७ साली प्रसिद्ध केलेला नियम पाठ सर्वांनाच असतो, तो येथे असा कामाला येतो.

म्हणून मोजमाप मोटर जोडलेली असताना आणि कोणीतरी बटण दाबून धरलेले असतानाच घ्यावे. कपलर न काढता त्याच्या पाठीमागून तारेशेजारी बारीक पिन सरकवावी. आधी बॅटरीवर मीटर लावून पाहावे. इंजिन बंद असताना भरलेली बॅटरी सुमारे १२.६ व्होल्ट दाखवते. मग अर्थची बाजू तपासावी. मीटरचे एक टोक आसनाच्या अर्थच्या तारेवर आणि दुसरे गाडीच्या स्वच्छ पत्र्यावर ठेवून बटण दाबावे. ०.२ व्होल्टहून अधिक दिसले तर अर्थचा बोल्ट काढून, घासून पुन्हा आवळावा. त्यानंतर बॅटरीच्या धन टोकापासून स्विचपर्यंत आणि स्विचपासून मोटरपर्यंत टप्प्याटप्प्याने तीच रीत. वाटेत एकूण अर्ध्या व्होल्टपेक्षा जास्त हरवत असेल तर तो टप्पा पकडावा. अर्थपासून सुरुवात करावी असे आमचे मत आहे, कारण तो बोल्ट गालिच्याखाली ओलीत असतो आणि त्याच्याकडे कोणी पाहत नाही.

मोटर फिरतच नसेल तर तिचा कपलर काढून त्या जागी हेडलाइटचा ५५ वॅटचा बल्ब लावावा. तो सुमारे साडेचार अँपियर ओढतो. बटण दाबल्यावर बल्ब झगझगीत पेटला तर वाट चांगली आहे आणि मोटर दोषी आहे. मिणमिणला तर दोष वायरिंगचा किंवा स्विचचा. मोटर खरोखर गेली आहे ही खात्री करायची तर सुटलेल्या मोटरला बॅटरीवरून थेट, पण मध्ये फ्यूज घालून, वीज द्यावी. याच युक्तीने आसन खोलण्यासाठी पुढे-मागेही नेता येते. कारण मागचे बोल्ट आसन पुढे आल्याशिवाय दिसत नाहीत, आणि आसन पुढे येत नाही म्हणूनच तर ते खोलायचे असते!

आसन विशिष्ट जागी असतानाच बंद पडत असेल तर तारांकडे पाहावे. आसन सरकते तसा तारांचा जुडगा दर वेळी वाकतो आणि एके ठिकाणी आतून तुटतो. वरचे आवरण मात्र शाबूत दिसते. बटण दाबून ठेवून तो जुडगा हाताने हळूच हलवावा. उंदरांचाही उपद्रव येथेच होतो.

मेमरी असलेल्या आसनात वरील रीत जशीच्या तशी चालत नाही. तेथे बटण फक्त इशारा देते, मोटरला वीज एक नियंत्रक पेटी देते, आणि मोटरमधील लहान संवेदक किती फेरे झाले ते त्या पेटीला कळवतो. संवेदकाची तार तुटली की कित्येक गाड्यांत आसन बटणाच्या प्रत्येक दाबाला थोडेसे सरकून थांबते. ही खूण दिसली तर मोटर व स्विच दोन्ही बाजूला ठेवून त्या बारीक तारा तपासाव्यात. अशा मोटरला थेट वीज द्यायची झाल्यास आधी ती पेटीपासून सोडवावी आणि फक्त दोन जाड तारांनाच हात लावावा. संवेदकाच्या तारेला १२ व्होल्ट लागले तर संवेदक जातो, कधी पेटीही जाते.

दुरुस्तीनंतर जुडगा पूर्वीच्याच क्लिपांत बांधावा, आसन दोन्ही टोकांपर्यंत पूर्ण चालवून तार कोठे ताणत नाही ना ते पाहावे, आणि चावी चालू केल्यावर एअरबॅगचा दिवा लागून विझतो याची खात्री करावी. बॅटरी काढलेली असल्यामुळे मेमरीतील जागा, खिडक्यांची आपोआप बंद होण्याची सोय आणि काही रेडिओंचा संकेतांक पुन्हा भरावा लागतो. तो संकेतांक बॅटरी काढण्यापूर्वीच मालकांकडून मागून घ्यावा.